केसरआत्याचा जुडगा

मी हिवरदऱ्याचा पोलीस पाटील. गावात काही बिघडलं की ठाण्यात सगळ्यांत आधी माझी आठवण होते, आणि काही बिघडलं नाही तर वर्षभर कुणालाच होत नाही. दर महिन्याला ‘गावात शांतता आहे’ असं लिहून देणं हे माझं मुख्य काम. दिवाळीनंतर तर ते डोळे मिटून लिहावं, कारण दिवाळी झाली की आमच्याकडे अशांतता करायला माणूसच शिल्लक राहत नाही. ट्रॅक्टर येतात, कोपीच्या, म्हणजे तोडीवरच्या झोपडीच्या, चटया, बांबू, भांडी, कोंबड्या, शेळ्या आणि लेकरं एकाच ट्रॉलीत चढतात आणि अख्खी गल्ली ऊस तोडायला निघून जाते. मागं उरतात म्हातारी माणसं, माझ्यासारखे काहीतरी धरून बसलेले दोन-चार जण आणि कुलपं.

पूर्वी निम्मं गाव जायचं. ही गोष्ट घडली त्या साली मृगही कोरडा गेला आणि पोळाही कोरडाच गेला. सोयाबीन वीतभर वाढून करपलं. त्यामुळे ज्यांनी कधी कोयता हातात धरला नव्हता तेही गेले. आपला जवळचा सहकारी कारखाना चालू असता तर लोकांना निदान अधूनमधून घराकडे फिरकता आलं असतं, पण भागात ऊसच उरला नव्हता, म्हणून त्याचा बॉयलर सलग दोन हंगाम पेटलेला नव्हता. लोक कराडकडे गेले, कोल्हापूरकडे गेले, काही तर पार कर्नाटकात गेले. नांदूरघाटच्या आठवडी बाजारात आमच्या गावचं माणूस दिसेनासं झालं.

निघताना घराची किल्ली केसरआत्याकडे द्यायची ही आमच्या गावची रीत. केसरबाई माझ्या वडिलांची चुलत बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला, ती माहेरी आली आणि इथलीच झाली, म्हणून ती सगळ्या गावाची आत्या. निघायच्या दिवशी घरातली बाई कुलूप लावते, सरळ आत्याच्या ओट्यावर येते आणि किल्ली तिच्या पदरात टाकते. आत्या तिच्या तोंडात गुळाचा खडा घालते. घरात काय आहे हे आत्या विचारत नाही आणि ती बाईही सांगत नाही. मग आत्या किल्लीला त्या घरच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधते आणि कमरेच्या जुडग्यात ओवते. दर अमावास्येला ती एकेक घर उघडते, झाडते, बियाण्याच्या कणगीला वाळवी लागली का ते बघते, देवापुढं दिवा लावते आणि पुन्हा कुलूप घालते. लोक परत आले की किल्ली परत, आणि पुन्हा गुळाचा खडा.

या रितीला अट एकच. किल्ल्या कुणाकडं असतात हे गावाबाहेर बोलायचं नाही. मुकादमानं विचारलं, पाहुण्यानं विचारलं, तरी ‘ठेवली हाय’ एवढंच उत्तर द्यायचं. सासरी गेलेल्या आमच्या लेकीसुद्धा तिथं हे सांगत नाहीत. मी पोलीस पाटील असून माझ्या कुठल्याही अहवालात आत्याचं नाव कधी आलेलं नाही.

त्या वर्षी मात्र आत्या घाबरली होती. पलीकडच्या वस्तीवर ऊसतोडीला गेलेल्यांची घरं कुणीतरी फोडली, पोरीच्या लग्नासाठी घेऊन ठेवलेली भांडी नेली, बियाणं नेलं आणि राखणीला असलेल्या म्हाताऱ्याचा हात मोडला. दुष्काळात चोर काही फार लांबून येत नाहीत. आत्याची त्या म्हाताऱ्याशी ओळख होती. त्यानंतर तिची झोप गेली. सकाळी मी तिच्या ओट्यावर चहाला जायचो तर तिचे डोळे लाल झालेले असायचे आणि हात जुडग्यावर असायचा.

एकदा ती मला म्हणाली, “रामहरी, मी आता थकले बाबा. सरकारला सांगून दोन पोरं बसव की गावात. बंदूक नको, काठी असली तरी लई झालं. मला एक हिवाळा झोपायचं हाय.”

मी तिला हो म्हणालो. माझ्या हो म्हणण्याला ठाण्यात काय किंमत आहे हे तिला ठाऊक नव्हतं आणि मला सांगवलं नाही. अर्ज दिला. साहेब म्हणाले, मनुष्यबळ नाही, होमगार्ड मागा. होमगार्डच्या कचेरीत म्हणाले, माणसं आहेत, पण त्यांना ड्युटी द्यायची तर वरून तरतूद लागते. वर म्हणजे कुठं, असं विचारलं तर त्यांनी नुसताच छताकडे हात केला.

आमदार सुंदरराव चारा छावणीच्या उद्घाटनाला आले ते याच दिवसांत. सुंदरराव आमदार आणि त्या बंद कारखान्याचे चेअरमनही. छावणीत जनावरं कमी आणि फेटे जास्त होते. कार्यक्रम उरकून ते पाणी प्यायला आत्याच्या ओट्यावर बसले आणि त्यांची नजर तिच्या कमरेवर गेली. दुसरा कुणी असता तर म्हातारीला एवढ्या किल्ल्या कशाला म्हणून हसला असता. सुंदरराव हसले नाहीत. त्यांची आई एकेकाळी तोडीला गेलेली होती, त्यामुळे त्यांना न सांगता सगळं समजलं. मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, आणि मी उत्तर दिलं नाही तेव्हा त्यांची खात्रीच पटली.

पुढच्या महिन्यात नागपूरला अधिवेशन होतं. त्यात गृह खात्याच्या पुरवणी मागण्यांवर चर्चा होणार होती, आणि स्थलांतर होणाऱ्या गावांना हंगामभर होमगार्ड द्यावेत म्हणून वेगळी तरतूद मागायची असं त्यांच्या मनात होतं. ते आत्याला म्हणाले, तुम्ही नागपूरला चला. गॅलरीत नुसतं बसा. माझं भाषण तुमच्या डोळ्यांसमोर झालं पाहिजे. मग बघतो कोण नाही म्हणतं ते.

आत्यानं जुडगा पदराखाली घेतला. मग एवढंच म्हणाली, “येते. पर गावाचं नाव घ्यायचं न्हाई, आन्‌ किल्ल्यांचं तर मुळीच न्हाई.”

सुंदररावांनी छातीला हात लावला. “आत्याबाई, माझ्यावर इश्वास न्हाई का?”

तिचा विश्वास होता. माझाही होता, हे कबूल करायला हवं. त्या माणसाला बोलता येतं, आणि आमच्या भागात ज्याला बोलता येतं त्याच्यावर आम्ही विश्वास ठेवतोच. माझ्या बायकोला, वत्सलाला, आत्याच्या ओट्यावर बसवून आम्ही आमदारांच्या गाडीनं निघालो. जुडगा अर्थातच आत्याच्या कमरेला होता. वत्सलाकडे ठेव असं मी दोनदा सुचवून पाहिलं. ती म्हणाली, त्यांनी तुझ्या बायकोच्या पदरात टाकल्यात का?

नागपूर म्हणजे त्या दिवसांत सगळा खाकी रंग. राज्यभरातले पोलीस आणि होमगार्ड तिथं आणलेले असतात. रस्त्यारस्त्यावर मोर्चे, दोऱ्या, बॅरिकेड. विधानभवनाच्या फाटकाशी आम्ही पास दाखवला. माझा तंबाखूचा बटवा गेला, पेन गेलं, मोबाइल गेला. मी सगळं निमूटपणे दिलं. आत्या चौकटीतून आत जायला लागली तशी चौकट कर्कशपणे वाजली. तिथली पोलीस बाई सज्जन होती. किल्ल्या आत नेता येणार नाहीत, इथं ठेवा, बिल्ला घ्या, जाताना परत मिळतील, असं तिनं नीट समजावून सांगितलं.

आत्या म्हणाली, “अख्खी गल्ली तुमच्यापाशी ठेवून मी एक बिल्ला घ्यू?”

पोलीस बाईला ते समजणं शक्यच नव्हतं. मागं रांग खोळंबली. आमदारांचे पीए गहिनीनाथ धावत आले, चष्मा सावरत आत्याची विनवणी करू लागले, घड्याळ दाखवू लागले. साहेबांचा नंबर कधीही लागेल म्हणाले. मी म्हणालो, आत्या, माझ्याकडे दे, मी बाहेर थांबतो, तू आत जा. तिनं मान हलवली.

“त्यांनी मला दिल्यात. तू जा. मी हितं बसते.”

फाटकाबाहेर कडुनिंबाखाली एक होमगार्ड उभा होता. आत्याचं बोलणं ऐकून तो पुढं आला आणि म्हणाला, “आजी, तुमी बीडकडच्या का?” सटवा त्याचं नाव, गेवराईचा. तिशीचा असेल, उन्हानं रापलेला, बूट एका पायाला चावत असल्यामुळे त्या पायावर जोर न देता उभा राहायचा. बंदोबस्तासाठी त्याला इतक्या लांब आणलेलं होतं आणि झोपायला एका शाळेच्या वर्गात जागा दिली होती. त्यानं आत्याला झाडाच्या सावलीत बसवलं. आत्यानं भाकरीचं गाठोडं सोडलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. मी आत जात असताना मागून त्याचं बोलणं कानावर पडत होतं. अधिवेशन संपलं की आमची ड्युटीही संपते, मग पुढचा सण येईपर्यंत घरी बसायचं, असं काहीतरी तो सांगत होता. आज त्याच पैशावर आत चर्चा आहे हे आत्यानं त्याला सांगितलं. त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

गॅलरीत मी एकटा बसलो. शेजारची खुर्ची आत्याची, रिकामी. खाली सभागृह पाहून माझा हिरमोड झाला. मला वाटलं होतं, राज्याच्या संरक्षणाची चर्चा म्हणजे सगळे पुढं सरसावून बसले असतील. निम्मे बाक रिकामे होते. एक सदस्य दात कोरत होते. जे होते ते सकाळपासून बसून कंटाळलेले दिसत होते, आणि त्यांना दोष तरी काय द्यायचा, मीही घटकाभरात कंटाळलो. एक सदस्य किनाऱ्यावरच्या गस्तीच्या बोटींबद्दल बोलले. एक शहरातल्या कॅमेऱ्यांबद्दल बोलले, निम्मे बंद आहेत म्हणाले. विरोधकांपैकी एक जण मंत्र्यांच्या ताफ्यातल्या गाड्यांवर घसरले, मग दोन्हीकडून आरडाओरडा झाला, मग तो आपोआप थंडावला. नक्षली भागातल्या एका सदस्यांनी अगदी हळू आवाजात काही सांगितलं. ते ऐकण्यासारखं होतं, पण तेवढ्यात चहा आला होता. गृह खातं म्हणजे केवढा पसारा आहे हे मला त्या दिवशी समजलं, आणि त्या पसाऱ्यात हिवरदऱ्याचे दोन काठीवाले कुठं बसणार असाही प्रश्न पडला.

सुंदररावांना शेवटी वेळ मिळाला, तोही थोडाच. ते उभे राहिले आणि पहिल्याच वाक्याला मी सावरून बसलो. आमच्या बोलीतलं काही नाही, स्वच्छ मराठीत बोलत होते. म्हणाले, तुम्ही सीमेचं बोलता, किनाऱ्याचं बोलता, शहराचं बोलता. माझ्या भागात एक अशी हद्द आहे जिच्यावर पहाराच नाही. दिवाळीनंतर तिथली गावं आपणहून रिकामी होतात. माणसं तुमच्या चहाची साखर तोडायला जातात आणि त्यांची घरं उघड्या माळावर कुलपांच्या भरवशावर राहतात. खरं सांगायचं तर माझे डोळे भरून आले. दात कोरणारे सदस्यही थांबले होते. तिथंच ते खाली बसले असते तर मी आजही त्यांना हात जोडले असते.

पण सभागृह ऐकतंय हे त्यांच्या लक्षात आलं. माणूस तिथंच चुकतो. त्यांचा आवाज चढला.

“अध्यक्ष महोदय, केज तालुक्यातलं हिवरदरा गाव. त्या गावातल्या सगळ्या घरांच्या किल्ल्या एका म्हाताऱ्या विधवेच्या कमरेला आहेत. केसरबाई तिचं नाव. सरकारचा एक शिपाई तिथं नाही. ती बघा, ती माउली तिथं बसली आहे.”

त्यांनी हात वर केला आणि सगळ्या सभागृहानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला झुपकेदार मिशा आहेत. आधी एकजण हसला, मग बरेच हसले. अध्यक्षांनी घंटा वाजवली आणि सन्माननीय सदस्यांनी प्रेक्षकांच्या गॅलरीकडे निर्देश करू नये अशी समज दिली. तो निर्देश कामकाजातून काढून टाकावा, असंही सांगितलं. म्हणजे माझ्याकडे दाखवलेलं बोट तेवढं काढलं. गावाचं नाव, आत्याचं नाव आणि किल्ल्या आत राहिल्या.

मला राग आला. आजही येतो. गॅलरीत उठून बोलता येत नाही, टाळी वाजवता येत नाही, खोकलासुद्धा जपून खोकावा लागतो. मी मांडीवर मुठी आवळून बसलो. पुढं मंत्र्यांनी उत्तर दिलं, त्यात दुष्काळी भागासाठी विशेष बाब म्हणून होमगार्ड देण्याचा सकारात्मक विचार करू असं एक वाक्य आलं. मग मागण्या मताला टाकल्या. होय म्हणणाऱ्यांनी होय म्हटलं, नाही म्हणणाऱ्यांनी नाही म्हटलं, दोन्ही आवाज सारखेच दमलेले होते. मंजूर झाल्या.

बाहेर आलो तर सुंदरराव माझ्याआधीच कडुनिंबाखाली पोचलेले होते, आणि त्यांच्याभोवती कॅमेरे. ते आत्याच्या पाया पडत होते. एक पोरगी आत्याला जुडगा जरा वर धरायला सांगत होती. आत्यानं पदर ओढून जुडगा झाकला, पण झाकायच्या आत त्यांचं काम झालेलं होतं. सटवा गर्दी मागं सारत होता. त्याला कुणी मोजत नव्हतं.

गर्दी पांगल्यावर आत्यानं विचारलं, “गावाचं नाव घेतलं का वं?”

सुंदरराव खुशीत होते, त्यांनी लपवलं नाही. “बोलता बोलता येऊन गेलं, आत्याबाई. नावाबिगर भाषनाला वजन येत न्हाई. पर काम झालं बघा तुमचं. पोरं येत्यात आता गावात.”

आत्यानं त्यांच्याकडे पाठ केली. तिनं उरलेली भाकर सटवाच्या हातात ठेवली, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि मला म्हणाली, चल.

परतीच्या रस्त्यावर माझा फोन वाजायला लागला. ती चित्रफीत कोपीकोपीत पोचली होती. पहिला फोन धोंडीरामचा आला, कराडकडून. धोंडीराम म्हणजे आमच्या गल्लीतल्या मुक्ताबाईचा नवरा, साधा माणूस. त्यानं आधी आत्याची तब्येत विचारली. टीव्हीवर आत्या लई झ्याक दिसली म्हणाला. मग घुटमळला आणि म्हणाला, “रामहरीभाऊ, चोरचिलटाला आता आयतंच ठावं झालं. आत्याच्या जिवाला घोर कावून? आमची किल्ली आमी घिऊन जातो.”

त्याच्यानंतर जो जो फोन आला त्यात हेच. एकानंही तक्रार केली नाही. एकानंही आत्याला दोष दिला नाही. सगळ्यांना आत्याच्या जिवाची काळजी होती आणि ती खरीच होती. आत्या पुढच्या सीटवर बसून सगळं ऐकत होती. जालन्यापाशी तिनं मला फोन बंद करायला सांगितला.

मग माणसं यायला लागली. कुणाचा भाऊ आला, कुणाचा जावई आला, काही तर स्वतः कोयता टाकून दोन दिवसांसाठी येऊन गेले. प्रत्येकानं येताना काहीतरी आणलं, ऊस, काकवी, कुणी गूळ. आत्या न बघता नुसत्या चिंधीवरून हात फिरवून किल्ली काढायची, द्यायची आणि तोंडात खडा घालायची. पुरुषांना या रितीची सवय नव्हती, ते अवघडून तोंड उघडायचे. त्यांनी किल्ल्या नेल्या, पण घरं उघडायला इथं राहिलं कोण? किल्ल्या पुन्हा कराडला गेल्या, कर्नाटकात गेल्या, कोपीच्या बांबूला टांगल्या गेल्या. कुलपं तेवढी इथं राहिली.

शेवटी संक्रांतीच्या सुमाराला मुक्ताबाई स्वतः आली. ओट्याच्या पायरीवर बसून बराच वेळ नखानं माती उकरत राहिली. मग रडायला लागली.

“आत्या, माझ्या मनात काई न्हाई. तुमाला कुणी मारलं तर आमी तोंड कुठं दाखवावं?”

“न्हाई गं बाई,” आत्या म्हणाली. “बरोबर हाय तुमचं.”

तिनं किल्ली दिली. आता जुडग्याच्या कडीत एकही किल्ली उरली नव्हती. आत्यानं गुळाचा खडा मुक्ताबाईच्या तोंडात घातला आणि पदरानं तिचे डोळे पुसले. त्या दिवसानंतर ती चालताना डाव्या अंगाला झुकल्यासारखी चालायला लागली. जन्मभर उजवीकडे जुडग्याचं वजन, ते एकदम नाहीसं झालेलं. लुगडंही धड नेसता येईना, सारखं त्या बाजूनं सुटायचं.

होमगार्ड आले ते त्यानंतर. सरकारनं शब्द पाळला हे सांगायला हवं. तालुक्याला बरेच मिळाले, त्यातले बहुतेक बंद कारखान्याच्या गेटवर लागले, तिथल्या तांब्याच्या तारा आणि भंगार राखायला. चेअरमन साहेबांचा जीव तिकडेच होता हे आधीच ओळखायला पाहिजे होतं. पण हिवरदऱ्यालाही दोन आले, आणि त्यातला एक सटवा निघाला. आत्याला पाहून त्याला इतका आनंद झाला की त्यानं वाकून नमस्कार केला. तुमच्यामुळं हंगामभर काम मिळालं म्हणाला. पायात नवे बूट होते. दोघांनी पारावर बिछाना टाकला, शिट्ट्या आणल्या, काठ्या आणल्या. आत्यानं त्यांना काकवी खायला घातली. काम ते चोख करत. गल्लीत मांजर हललं तरी शिट्टी वाजायची. गावात चोर आला नाही, येणारही नव्हता.

मग पौषातली अमावास्या आली. सकाळी उन्हं तापायच्या आधी आत्या केरसुणी, तेलाची बाटली आणि वाती घेऊन निघाली. मी तिच्या मागून चाललो. मला वाटलं, तिला विसर पडला असेल. विसर पडला नव्हता. ती पहिल्या घराशी थांबली, उंबऱ्यावरचा पाचोळा झाडला आणि कुलूप हातात घेऊन तोलून बघितलं, लागलंय ना नीट. मग दुसरं घर. तिसरं मुक्ताबाईचं. तिथं तिनं दाराच्या फटीला डोळा लावला, बहुतेक देवघर दिसतं का ते पाहायला, आणि एका हातानं कुलूप धरलं.

पारावरून शिट्टी वाजली. सटवा धावत आला. आत्या आहे हे पाहून तो ओशाळला, पण थांबला नाही, कारण मागून त्याचा जोडीदारही येत होता.

“आत्या, हात काढा तेवढा. कुलपाला कुणी हात लावायचा न्हाई अशी आर्डर हाय आमाला.”

मी त्याच्यावर ओरडणार होतो. ही कोण आहे माहीत आहे का तुला, असं तोंडात आलं होतं. आत्यानं मला हातानं थांबवलं. तिनं कुलूप सोडलं आणि तो हात पदराला पुसला.

“बरोबर हाय बाबा,” ती म्हणाली. “त्याच्यासाठीच तर आनलं तुला.”

ती वळली आणि आपल्या घराकडे गेली. सटवा खाली मान घालून तिच्या मागं मागं गेला. त्यानं ओट्यावर तिची बाज टाकली, उशाला गोधडीची घडी दिली. झोपा आत्या निवांत, आमी हाव की, असं काहीबाही बोलत राहिला आणि मग पाराकडे परतला. आत्या आडवी झाली. भर सकाळी तिला असं आडवं झालेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. तिचा हात सवयीनं कमरेशी गेला, तिथं काही सापडलं नाही तसा छातीवर आला. केरसुणी आणि तेलाची बाटली तिनं उशाशी ठेवली होती. मी पायरीवर बसून राहिलो.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “रामहरी, आज अमुशा हाय. मुक्ताच्या देवापुढं दिवा कोन लावील रे?”

मी तिच्याकडे पाहिलं. ती वर छपराकडे बघत होती आणि तिचे डोळे टक्क उघडे होते.